देवाशी रोजचं बोलणं : सुरुवात कुठून करायची?

रविवारची उपासना संपली, की दाराशी चपला शोधता शोधता कुणीतरी हळूच बाजूला घेतं. कधी कॉलेजातली मुलगी, कधी निवृत्त शिक्षक, कधी नुकतीच लग्न होऊन आलेली सून. "ताई, मला सगळी गाणी पाठ आहेत. प्रभूची प्रार्थना तर झोपेतही म्हणेन. पण देवाशी माझी ओळख आहे, असं काही वाटत नाही." दुसरा म्हणतो, "लोक साक्ष देतात, देव माझ्याशी बोलला म्हणतात. माझ्याशी का बोलत नाही?" तिसरा प्रश्न बहुतेक वेळा फोनवर येतो आणि आवाज खाली आणून विचारला जातो : "आमच्या घरात कुणी ख्रिस्ती नाही. मला येशूविषयी ओढ वाटते. मी काय करू?"

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ख्रिस्ती माणसं मूठभर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलायन्स मिशनचे लोक वऱ्हाडात आले. खामगाव, बुलढाणा, मलकापूर अशा ठिकाणी मंडळ्या उभ्या राहिल्या. कॅथलिक बांधवांसाठी १९५५ साली अमरावती धर्मप्रांत झाला. तरी लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात एकच ख्रिस्ती घर असणं आजही नवलाचं नाही. एसटी वेळेवर आली नाही, की रविवार हुकला. सोंगणी सुरू झाली, की चार रविवार हुकले. म्हणून इथल्या माणसाला देवाशी नातं जोडायचं असेल, तर ते घरात, शेतात आणि प्रवासात जोडता आलं पाहिजे. ते कसं जोडायचं, हे या लेखात सांगते. मी धर्मशास्त्राची पदवीधर नाही. वर्षानुवर्षं हेच प्रश्न ऐकते आणि स्वतःही यातल्या बहुतेक चुका केल्या आहेत.

आधी घाई सोडा

असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगते. १८५८ साली जन्मलेल्या या बाई संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परत येऊन त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. इतकं करणाऱ्या बाईंना देव आतून-बाहेरून ठाऊक असणार, असंच कुणालाही वाटेल. पण १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं, की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला आठेक वर्षांनी. त्या आठ वर्षांत त्यांनी वाचन थांबवलं नाही, शंका लपवल्या नाहीत आणि काम सोडलं नाही. पुढे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. खेड्यातल्या साध्या बाईलाही ते समजावं, हा त्यांचा ध्यास होता आणि १९२२ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत त्या त्याच कामात होत्या.

दुसरं उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. टिळकांनी तो वाचायचं वचन दिलं आणि पाळलं. मत्तयच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन त्यांना सोडवेना. तरी बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी.

एकीला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं लागली, दुसऱ्याला बाप्तिस्म्याआधी दोन. तुम्हाला सहा महिन्यांत 'काही वाटलं नाही' म्हणून तुमच्यात खोट आहे, असं समजू नका. आणि एका सभेत, एका रात्रीत सगळं होईल असं कुणी सांगत असेल, तर त्याच्या शब्दावर स्वतःला मोजू नका.

जागा आणि वेळ : लहान पण ठरलेली

येशूने प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावायला सांगितलं आहे. आपल्याकडे अनेक घरांत स्वतंत्र खोली नसते, दार तर सगळ्यांचं मिळून एक. म्हणून 'खोली'चा अर्थ तुमच्या घरात बसेल तसा लावा.

- गच्ची, ओसरी, गोठ्याची बाजू, विहिरीचा कठडा, बंद दुकानाची पायरी, काहीही चालेल. रोज तीच जागा ठेवली, तर तिथे बसताच मन वळतं.
- सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. पहिल्याच आठवड्यात पहाटे चारचा गजर लावणारे बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात सगळंच सोडून देतात.
- मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. बायबल मोबाइलवरच वाचत असाल, तर निदान तेवढा वेळ इंटरनेट बंद करा.
- पेरणी, सोंगणी, वेचणी, परीक्षा आणि बाळंतपण या काळात नेम बदला, पण मोडू नका. दहाची पाच मिनिटं झाली तरी चालतील.

माझी आजी चिखलीकडची. तिला वाचता येत नव्हतं. भल्या पहाटे ती चुलीपुढे बसायची आणि ज्वारीची एकेक भाकरी थापताना एकेका माणसाचं नाव घ्यायची. पहिली भाकरी आजोबांची, दुसरी माझ्या बापाची, तिसरी बांधावरून ज्याच्याशी भांडण चालू होतं त्या शेजाऱ्याची. भाकरी तव्यावर टाकून वर पाणी फिरवीपर्यंत त्या माणसाची प्रार्थना पूर्ण व्हायची. शेजाऱ्याच्या भाकरीला वेळ जास्त लागायचा, कधीकधी ती करपायची. "अजून मन निवळलं नाही माझं," एवढंच आजी म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच नावाची भाकरी थापायची. मधे दार लावलेली खोली नव्हती, तरी त्या वेळात घरातलं कुणी तिला हाक मारत नसे.

पुस्तक कोणतं घ्यावं, कुठून उघडावं

उत्साहाने उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून सुरुवात करणारे बहुधा लेवीयच्या यज्ञविधींत अडकतात आणि पुस्तक कपाटात जातं. माझा सल्ला असा :

1. मार्कचं शुभवर्तमान. चारांत सर्वांत लहान, १६ अध्याय. रोज एक वाचला, तर सोळा दिवसांत येशू काय बोलला, काय केलं आणि कसा मेला-उठला, हे सलग डोळ्यांपुढून जातं.
2. मग लूक किंवा योहान. लूकचे २४ अध्याय, योहानचे २१. गोष्टींची आवड असेल तर लूक घ्या, प्रश्न जास्त पडत असतील तर योहान.
3. सोबत स्तोत्रसंहितेतलं रोज एक स्तोत्र. एकूण १५० आहेत, पाच महिने पुरतात. यांत आनंद आहे, राग आहे, रडणं आहे, देवाला विचारलेला जाबही आहे.
4. जुन्या करारातल्या कथा, पौलाची पत्रं हे सगळं नंतर, शक्यतो कुणाच्या तरी सोबतीने.

बायबलवरून आणखी दोन गोंधळ नेहमी होतात. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. शुभवर्तमानं आणि नवा करार दोन्हींत सारखाच आहे, म्हणून सुरुवात करताना यावर अडून बसू नका. भाषेचंही तसंच. जुन्या वळणाची भाषा जड वाटत असेल, तर बायबल सोसायटीची सोप्या भाषेतली आवृत्ती घ्या, किंवा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' पाहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मराठी बायबल मोबाइलवर ऐकायलाही मिळतं, तेही विनामूल्य. माझ्या आजीच्या वेळी हे असतं, तर काय झालं असतं, हा विचार मनात येतोच.

वाचताना एक वही जवळ ठेवा. रोज फक्त तीन ओळी : आज काय कळलं, काय कळलं नाही, आज कुणाशी किंवा कशाबाबत वेगळं वागायचं. 'काय कळलं नाही' ही ओळ मोकळी सोडू नका. वर्षभराने वही उघडाल, तेव्हा त्यातले काही प्रश्न सुटलेले दिसतील आणि काही तसेच राहिलेले. दोन्ही बघण्यासारखं असतं.

प्रार्थनेला शब्द कुठून आणायचे

"मला पाळकांसारखी प्रार्थना करता येत नाही." तशी करायचीही नाही. पाळक सगळ्या मंडळीच्या वतीने बोलतात, तुम्ही तुमच्या वतीने बोलायचं आहे. पुस्तकी मराठीचाही आग्रह नको. घाटावरचे असा की घाटाखालचे, आईशी ज्या बोलीत भांडता, तीच बोली इथे चालते. "देवा, आज मले काहीच सुचून नाही राहिलं. तुह्यासमोर बसली, एवढंच." ही पूर्ण प्रार्थना झाली.

पहिल्या शमुवेलच्या पुस्तकात हन्ना नावाच्या बाईची गोष्ट आहे. मूल होत नाही म्हणून सवतीची टोचणी सोसणारी ही बाई मंदिरात जाऊन आवाज न काढता रडत प्रार्थना करत होती. नुसते ओठ हलताना पाहून याजकाला वाटलं, हिने दारू घेतली आहे. देवाने मात्र तिचं ऐकलं. आपल्याकडच्या कितीतरी बाया अशाच आवाज न काढता बोलतात, त्यांना मी ही गोष्ट मुद्दाम वाचायला सांगते.

शब्दच सापडत नसतील, तर हा क्रम वापरून पाहा. सवय झाली की सोडून द्या.

- जे आहे ते सांगा. राग असेल तर राग, भीती असेल तर भीती. कर्जाचा आकडा असेल तर आकडासुद्धा.
- ज्याबद्दल बरं वाटलं ते सांगा. नाव घेऊन. 'सगळ्यासाठी आभार' म्हणण्यापेक्षा 'आज बसमध्ये जागा मिळाली' हे जास्त खरं असतं.
- चूक झाली असेल तर ती नीट उच्चारा. 'माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर' म्हणणं सोपं आहे. 'मी धाकट्या जावेविषयी खोटं बोलले' म्हणायला जीभ जड होते. आणि ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जाणं हा प्रार्थनेचाच दुसरा अर्धा भाग आहे. कॅथलिक बांधवांना फादरांपुढे पापनिवेदनाची वाट आहे. तिथे बोललेलं फादर कुणाला सांगू शकत नाहीत, म्हणून संकोच सोडून जा.
- दुसऱ्या कुणासाठी तरी मागा. आजीच्या भाकऱ्या आठवा.
- शेवटी दोन मिनिटं गप्प बसा. यात काही 'ऐकू' आलं पाहिजे असं नाही.

कापूस वेचणाऱ्या एका बाईने मला तिची रीत सांगितली. तिला सहा-सात स्तोत्रं पाठ आहेत. कमरेला ओटी बांधून ती वेचायला लागली, की एका तासाला एक स्तोत्र मनात म्हणते. तास संपला, ओटी रिकामी केली, की दुसरं. बोटं बोंडांत आणि मन तिकडे. घरी गेल्यावर पाठ टेकायचीसुद्धा शुद्ध नसते, मग प्रार्थना कधी करणार, असं तीच मला विचारते.

काहीच ऐकू येत नाही तेव्हा

या प्रश्नाला मला जास्त जागा द्यायची आहे, कारण लोक नातं तोडतात ते इथे.

माझे वडील आजारी पडले, तेव्हा आम्ही तीन महिने रोज त्यांच्या बरं होण्यासाठी प्रार्थना केली. उपवास केले. ते गेले. दहा दिवसही झाले नव्हते, तेव्हा भेटायला आलेल्या एका माणसाने सांत्वनाच्या सुरात म्हटलं, "कुठंतरी विश्वास कमी पडला असेल." मी त्याला पाणी दिलं, काही बोलले नाही. पुढे कितीतरी आठवडे मला बायबल उघडवेना. मग एका संध्याकाळी ८८वं स्तोत्र समोर आलं. इतर रडणारी स्तोत्रं शेवटी तरी आशेवर येतात, हे मात्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं. बायबलमध्ये असंही पान आहे, हे पाहून मी पहिल्यांदा मोकळी रडले. महिनाभर मी तेवढंच वाचत होते.

म्हणून कोरड्या काळात हे लक्षात ठेवा :

- मागितलेलं न मिळणं ही विश्वास कमी असल्याची खूण नव्हे. येशूने स्वतः गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली, तो टळला नाही. पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा मागितलं, काटा राहिला.
- देवावर रागावणं म्हणजे नातं तुटणं नव्हे. ईयोबाचं अर्धं पुस्तक तक्रारीचं आहे आणि शेवटी देव त्याच्याच बाजूने बोलतो, त्याला ज्ञान शिकवणाऱ्या मित्रांच्या बाजूने नाही.
- नेम अगदी लहान करा, पण थांबवू नका. एक स्तोत्र, एक वाक्य, मेणबत्ती लावून पाच मिनिटं.
- मार्कच्या चौथ्या अध्यायात येशूने पेरणाऱ्या माणसाची एक छोटी गोष्ट सांगितली आहे. तो बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो आणि बी आपोआप वाढतं, कसं ते त्यालाही कळत नाही. पेरलेलं सोयाबीन उगवलं का म्हणून रोज उकरून पाहणारा शेतकरी आपल्या जिल्ह्यात कुणी पाहिला आहे का?

आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कशातच अर्थ वाटत नाही, मरणाचे विचार येतात, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो 'आध्यात्मिक कोरडेपणा' समजून घरात बसू नका. तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य चालते आणि मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील, तर दोन आठवडे मोजत बसू नका, आजच फोन करा. नापिकीच्या आणि कर्जाच्या वर्षांत आपण या भागात किती माणसं गमावली, हे तुम्हाला-मला सांगायची गरज नाही.

इथे पाय घसरतो

- सौदा. "नोकरी लागली तर दशमांश देईन." मनात असं येणं स्वाभाविक आहे, आपण नवसाच्या संस्कारात वाढलो आहोत. आलं तर तेही देवाला सांगा, पण नातं त्या अटीवर ठेवू नका. अट पुरी झाली की नातं संपतं आणि झाली नाही तरी संपतं.
- भाकीत. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस-पिकाचं भाकीत ऐकायला लांबलांबून शेतकरी येतात. पुढचं कळावं, ही ओढ शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या प्रत्येकाला समजते. पण डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट पडेल ते वचन म्हणजे लग्नाचं किंवा जमीन विकायचं उत्तर, असं करू नका. अशाने मोठे निर्णय चुकलेले मी पाहिले आहेत.
- उसने अनुभव. यूट्यूबवरच्या साक्षी ऐकून स्वतःला कमी लेखू नका. कुणाला अश्रू येतात, कुणी अन्य भाषा बोलतो, कुणी फक्त शांतपणे आयुष्यभर आजारी नवऱ्याची सेवा करते.
- औषध बंद करणं. 'गोळ्या सोडा, विश्वास ठेवा' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठा असो. रक्तदाब, मधुमेह, फिट, क्षय यांची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाहीत. साप, विंचू किंवा कुत्रा चावला तर आधी दवाखाना, प्रार्थना गाडीत बसल्यावर. अशा वेळी उपचारापासून रोखून मंत्र-तंत्र करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.
- पैसा. खास प्रार्थनेचे, तेलाचे, रुमालाचे पैसे मागितले, तर उठून घरी या. दान द्यायचं तर पावती घ्या. नोंदणीकृत धार्मिक न्यासाचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करावे लागतात, ते पाहायला मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नाही.

सोबत कुणाची घ्यावी

एकट्याने चालता येतं, पण फार दिवस नाही. तुमच्या गावात मंडळी नसेल, तर आठवड्यातून एकदा दोन-तीन घरांनी मिळून बसा. एकजण शुभवर्तमानाचा उतारा वाचेल, प्रत्येकजण एक वाक्य बोलेल, मग प्रार्थना. जवळच्या शहरातल्या चर्चशी महिन्यातून एकदा तरी गाठ ठेवा, म्हणजे प्रभुभोजन किंवा मिस्सा आणि चार माणसांची विचारपूस मिळते. घरात जमताना ध्वनिक्षेपक लावू नका. रात्री दहा ते सकाळी सहा तर तो कायद्यानेच बंद असतो, पण शेजाऱ्याची झोप हे त्याहून मोठं कारण आहे.

कोणती मंडळी बरी, असं विचारलंत तर मी सिद्धांत तपासायला सांगणार नाही. एवढं पाहा : तिथे प्रश्न विचारलेले चालतात का? पाळकांची चूक झाली तर ते कबूल करतात का? तरुण मुलींशी आणि लहान मुलांशी कुणी एकट्याने, बंद खोलीत बोलत नाही ना? दुसऱ्या धर्माविषयी, दुसऱ्या चर्चविषयी व्यासपीठावरून वाईट बोललं जातं का? गरिबाला आणि पैसेवाल्याला बसायला सारखीच सतरंजी आहे का? मुलांच्या बाबतीत काही वावगं दिसलं, तर मंडळीची अब्रू म्हणून झाकू नका. पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे.

घरात दुसरी श्रद्धा असेल तर

शेगावच्या वाटेवर राहणाऱ्या घरातली सून, जिच्या सासूबाई दर गुरुवारी महाराजांची पोथी वाचतात, ती मला विचारते, "मी येशूला मानते, मग आरतीच्या वेळी काय करू? प्रसाद घेऊ की नको?" पौलानेही करिंथच्या लोकांना अशाच जेवणाच्या प्रश्नावर लिहिलं आहे आणि मंडळ्यांची त्यावर मतं वेगवेगळी आहेत. तुम्ही प्रामाणिकपणे ठरवा, पण जे ठरवाल ते कुणाचा अपमान न करता पाळा. सासूबाईंची पोथी उचलून फेकणाऱ्या सुनेचं येशूविषयी कुणी काय ऐकून घेईल? उलट त्यांच्या पहाटे उठण्याच्या नेमातून तुम्हीच काही शिकाल.

इथे टिळकांचीच गोष्ट पुन्हा. त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कोसळल्या. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे सोबत राहायला आल्यावरही आपला सोवळा स्वयंपाक त्यांनी सांभाळला आणि टिळकांनी त्यांना त्यांच्या वेळेने येऊ दिलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर हा भाग दोघांनी मिळून वाचा. जोडीदाराला ओढत नेणं हा प्रेमाचा भाग नाही, आणि अंधारात ठेवणंही नाही. बायबल लपवून वाचावं लागत असेल, तर तुमच्या सुरक्षिततेचा विचार आधी करा. पण मारहाणीची भीती नसेल, तर महिन्या-दोन महिन्यांत घरच्या एका तरी माणसाला विश्वासात घ्या.

बाप्तिस्म्याची घाई तर मुळीच नको. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. प्रार्थना करायला, वाचायला, येशूच्या शिकवणीप्रमाणे वागायला कुणाच्या दाखल्याची गरज लागत नाही.

औपचारिक पाऊल टाकण्याआधी हक्क आणि परिणाम

- संविधानाच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येकाला सद्सद्विवेकाचं आणि धर्म मानण्याचं, आचरण्याचं, त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. तुमचं मन कुणी जबरदस्तीने वळवू शकत नाही, तुम्हीही कुणाला आमिष किंवा धाक दाखवू नका.
- धर्मांतराविषयीचे राज्यांचे कायदे बदलत असतात. बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्याआधी त्या दिवशी लागू असलेले नियम तालुका न्यायालयातल्या वकिलाकडून समजून घ्या.
- अनुसूचित जातीच्या व्यक्तीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आणि सवलती राहत नाहीत. हा अन्याय आहे असं माझं मत आहे, पण आज कायदा हा आहे. मुलाचं शिक्षण, नोकरी यावर काय परिणाम होईल, ते घरात बसून आधी बोला. कागदावर एक आणि मनात एक ठेवायचा सल्ला कुणी दिला, तर त्याच्या मागे जाऊ नका.
- हिंदू विवाह कायद्याखाली जोडीदाराने धर्म बदलणं हे दुसऱ्या जोडीदाराला घटस्फोट मागण्याचं एक कारण ठरू शकतं. वडिलोपार्जित मालमत्तेतला तुमचा स्वतःचा वारसाहक्क धर्म बदलल्याने जात नाही, पण धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळण्यात १९५६ च्या कायद्याच्या कलम २६ ची अडचण येते.
- वेगवेगळ्या धर्मांच्या दोघांना लग्न करायचं असेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. धर्म न बदलता लग्न करता येतं. केवळ लग्नासाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांना मी नेहमी थांबायला सांगते.
- अठरा वर्षांखालील मुलामुलींना पालकांच्या संमतीशिवाय कुणी बाप्तिस्मा देऊ नये आणि त्यांनीही मागू नये. वाचा, प्रश्न विचारा, थांबा.

मधे दिवस चुकले तर

हा प्रश्न सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त लाजत विचारला जातो. लग्नसराई आली, पाहुणे आले, ताप आला, आणि पंधरा दिवस वहीत एक ओळ नाही. मग एका दिवशी पंधरा अध्याय वाचून भरपाई करायची का? करू नका. मागची पानं कोरी सोडा, आजची तारीख टाका आणि जिथे खूण ठेवली होती, तिथूनच पुढचा एक अध्याय वाचा. खूणच हरवली असेल, तर मार्कचा पहिला अध्याय उघडा. सावकाश वाचला तरी दहा मिनिटांत होतो, आणि त्यातच येशू पहाटे अंधार असताना उठून एकांतात प्रार्थनेला गेल्याचं लिहिलं आहे. आदल्या संध्याकाळी अख्खं गाव त्याच्या दारात जमलं होतं, आणि सकाळी शिष्य त्याला शोधत येईपर्यंत तो तिथेच होता.